मूलकण कुणाला म्हणायचं?

11 मे 2023 रोजी, राष्ट्रीय तंत्रज्ञान दिनी, दिल्लीतल्या एकाच कार्यक्रमात महाराष्ट्रातल्या दोन ठिकाणांची नावं घेतली गेली. नवी मुंबईत खारघरला, टाटा स्मारक केंद्राच्या ॲक्ट्रेक संस्थेत उभं राहिलेलं राष्ट्रीय हॅड्रॉन उपचार केंद्र देशाला अर्पण झालं आणि हिंगोली जिल्ह्यात होणाऱ्या लायगो-इंडिया या गुरुत्वलहरी वेधशाळेची कोनशिला बसली. बातम्यांत हे दोन्ही प्रकल्प एका यादीत आले आणि यादीतच राहिले. भौतिकशास्त्राच्या नजरेतून मात्र ही जोडी फार बोलकी आहे. खारघरला प्रोटॉन नावाचा कण कामाला लावला आहे. त्याच्या जगाचे नियम पुंजभौतिकीचे. हिंगोलीला अवकाशाची थरथर मोजायची आहे, तीही प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहून बारीक. तिचे नियम आइन्स्टाइनच्या गुरुत्वाकर्षणाचे. दोन्ही नियम आपापल्या जागी खणखणीत खरे ठरले आहेत, पण अतिसूक्ष्म अंतरांवर ते एकत्र लावायला गेलं की गणित कोलमडतं. या दोहोंना एका सूत्रात ओवण्याचा सर्वांत चिवट प्रयत्न गेली पन्नास वर्षं चालू आहे, तो स्ट्रिंग थिअरीचा, म्हणजे तंतुसिद्धान्ताचा. त्याबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. विश्वाचं अंतिम कोडं सुटलं, असं एक. इतक्या वर्षांत एकही नवा कण दाखवता आला नाही, आता गाशा गुंडाळावा, असं दुसरं. मला दोन्ही मतं अपुरी वाटतात, कारण तंतुसिद्धान्ताचं खरं काम 'मूलकण' या कल्पनेवर झालं आहे, कणांच्या यादीवर नाही. आणि त्या कामाचा मोलाचा वाटा खाडीपलीकडे, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उचलला गेला आहे.

सुरुवात खारघरच्या केंद्राच्या नावातल्या 'हॅड्रॉन' या शब्दापासूनच करता येते. क्वार्कपासून बनलेल्या, अणुकेंद्रातलं प्रबळ बल अनुभवणाऱ्या कणांना हॅड्रॉन म्हणतात. प्रोटॉन त्यांतला आपल्या रोजच्या ओळखीचा. कर्करोगावर तो उपयोगी पडतो तो त्याच्या थांबण्याच्या रीतीमुळे. क्ष-किरण शरीरात शिरताना आणि पलीकडून बाहेर पडतानाही वाटेतल्या पेशींना इजा करत जातात. प्रोटॉन आपली बरीचशी ऊर्जा जिथे थांबतो तिथेच, शेवटच्या काही मिलिमीटरांत टाकतो. 230 दशलक्ष इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा दिलेला प्रोटॉन प्रकाशाच्या सुमारे 60 टक्के वेगाने निघतो आणि पाण्यात साधारण 33 सेंटिमीटर आत जाऊन थबकतो. ऊर्जा कमीजास्त केली की थबकण्याची जागा सरकते. रॉबर्ट विल्सन या भौतिकशास्त्रज्ञाने ही युक्ती 1946 मध्ये सुचवली, तेव्हा प्रोटॉनच्या पोटात क्वार्क आहेत हे कुणाला ठाऊकही नव्हतं. 1950-60 च्या दशकांत कणत्वरकांमधून हॅड्रॉनची अक्षरशः रीघ लागली. एवढे सगळे मूलकण असणं शक्य नाही हे दिसत होतं, पण आत काय आहे ते कळत नव्हतं. त्या गर्दीत एक विलक्षण शिस्त मात्र होती. हॅड्रॉनच्या वस्तुमानाचा वर्ग आणि त्याचं परिवलन (स्पिन) आलेखावर मांडलं, की कण सरळ रेषेत येऊन बसत. 1968 मध्ये गॅब्रिएल व्हेनेझियानो यांनी हॅड्रॉनच्या टकरींसाठी एक सूत्र मांडलं, आणि पुढच्या दोनेक वर्षांत नांबू, नील्सन आणि ससकिंड यांच्या लक्षात आलं की हे सूत्र बिंदूसारख्या कणांचं नाहीच, ते ताणलेल्या, फिरणाऱ्या तंतूचं आहे. फिरणाऱ्या तंतूचं गणित मांडलं की तीच सरळ रेषा मिळते. तंतुसिद्धान्ताचा जन्म असा हॅड्रॉनच्या घरात झाला. गुरुत्वाकर्षण तेव्हा कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

हा सिद्धान्त त्या घरात टिकला नाही. 1973 च्या सुमारास क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन यांचा सिद्धान्त पुढे आला आणि त्याने हॅड्रॉनचं कोडं अधिक नेमकेपणाने सोडवलं. तंतूच्या गणितात एक नकोसा पाहुणा होता: वस्तुमान शून्य आणि परिवलन दोन असलेला कण. हॅड्रॉनमध्ये असं काही सापडत नव्हतं आणि गणितातून तो हाकलताही येत नव्हता. 1974 मध्ये शेर्क आणि श्वार्ट्झ यांनी, आणि स्वतंत्रपणे जपानच्या योनेया यांनी, उलटा विचार केला. गुरुत्वाकर्षणाचा वाहक कण असेल तर तो नेमका असाच असायला हवा. मग तंतू प्रोटॉनएवढ्या आकाराचा न मानता अब्जावधी पटींनी लहान मानला तर? मला हा या विषयातला सर्वांत प्रामाणिक क्षण वाटतो. गुरुत्वाकर्षण कुणी सिद्धान्तात घुसवलं नाही, ते आपण होऊन आलं आणि जाईना. 1984 मध्ये ग्रीन आणि श्वार्ट्झ यांनी दाखवलं की दहा मितींमध्ये काही मोजक्याच सममितींबरोबर हे गणित विसंगतीशिवाय उभं राहतं. चार मिती आपल्याला दिसतात. उरलेल्या सहा अतिशय लहान होऊन गुंडाळल्या असतील तर त्यांच्या आकारावरून कणांच्या किती पिढ्या निघतील हे ठरतं. निसर्गात इलेक्ट्रॉन, म्युऑन आणि टाऊ अशा तीन पिढ्या आहेत. तीनच का, याला आजही उत्तर नाही. ते उत्तर आता हाताशी आलं, असं त्या दिवसांत अनेकांना खरोखर वाटलं.

इथे लोकप्रिय लेखनातल्या एका दृष्टान्ताबद्दल बोलायला हवं, कारण तो सगळ्यांच्या तोंडी आहे आणि दिशाभूल करतो. तंतू एका सुरात थरथरला की इलेक्ट्रॉन, दुसऱ्या सुरात क्वार्क, तिसऱ्यात फोटॉन. जणू मिरजेच्या तंबोऱ्याच्या एकाच तारेतून निघणारे वेगवेगळे स्वर. चित्र सुंदर आहे, पण गणित वेगळं सांगतं. तंतूवरचा ताण इतका प्रचंड मानलेला आहे की त्याच्या पहिल्याच वरच्या स्वराचं वस्तुमान आपल्या कोणत्याही ज्ञात कणाच्या कितीतरी अब्ज पटींनी जास्त येतं. आपल्या ओळखीचे सगळे कण त्या तारेच्या सर्वांत खालच्या, वस्तुमान नसलेल्या पातळीतूनच यायला हवेत. त्यांच्यातला फरक येतो तो थरथरण्याची दिशा कोणती आणि लपलेल्या मितींचा आकार कसा, यावरून. तंबोऱ्याचंच बोलायचं तर इथे स्वरापेक्षा भोपळ्याचा घाट महत्त्वाचा. आणि इलेक्ट्रॉनला जे इवलंसं वस्तुमान आहे, किंवा म्युऑन त्याच्या सुमारे 207 पट जड का आहे, हे त्या घाटातून आजवर कुणालाही काढून दाखवता आलेलं नाही.

म्हणून टीकाकारांचा पहिला आक्षेप मी पूर्णपणे मान्य करतो. तंतुसिद्धान्ताने एकाही ज्ञात मूलकणाचं वस्तुमान आधी वर्तवलेलं नाही. आज प्रमाणित मानल्या जाणाऱ्या यादीत 17 प्रकारचे कण आहेत आणि त्यांची वस्तुमानं, परस्परांशी असलेली ओढ वगैरे सुमारे 19 आकडे प्रयोगातून घ्यावे लागतात. न्यूट्रिनोंची वस्तुमानं धरली तर अधिकच. या आकड्यांपैकी एकही तंतुसिद्धान्तातून निघालेला नाही. थेट प्रयोगाची आशाही जवळपास नाही. अंतराची कल्पना यावी म्हणून असं पाहा: एक प्रोटॉन फुगवत फुगवत कळंबोलीपासून किवळ्यापर्यंतच्या 94.5 किलोमीटरच्या द्रुतगती मार्गाएवढा केला, तर त्याच प्रमाणात फुगलेला तंतू साधारण आजच्या प्रोटॉनएवढा होईल. जिनिव्हाजवळच्या 27 किलोमीटर परिघाच्या हॅड्रॉन टक्करयंत्रात जी ऊर्जा मिळते, तिच्यापेक्षा 1 वर 15 शून्यं इतक्या पटींनी मोठी ऊर्जा तिथवर पोचायला लागेल. तंतूंना हवी असलेली अतिसममिती जे जोडीदार कण सुचवते, त्यांपैकी एकही त्या यंत्रात अजून सापडलेला नाही. आणि लपलेल्या मिती गुंडाळण्याच्या रीती इतक्या निघाल्या की 1 वर 500 शून्यं हा आकडा त्यासाठी रूढ झाला. 2003 मध्ये ज्या चौघांच्या निबंधाने या असंख्य शक्यतांना भक्कम पाया दिला, त्यांत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे संदीप त्रिवेदी होते. 1980 च्या दशकात जे एकमेव उत्तर म्हणून मांडलं गेलं, ते प्रत्यक्षात उत्तरांचं अफाट रान निघालं. लवकरच सगळं कळेल अशी जी भाषा तेव्हा वापरली गेली, तिने या विषयाचं नुकसान केलं, हे त्या क्षेत्रातल्या लोकांनी मोकळेपणाने म्हटलं पाहिजे.

मग उरलं काय? माझ्या मते बरंच, आणि ते समजायला 1994 च्या कुलाब्यात जावं लागतं. सैद्धान्तिक भौतिकशास्त्रज्ञ अशोक सेन तेव्हा तिथे होते. प्रश्न जुना होता. विजेचे सुटे भार असतात, तसे चुंबकाचे सुटे ध्रुव, म्हणजे एकध्रुव, असले तर ते कसे दिसतील? नेहमीच्या हिशेबात विद्युतभारित कण मूळ आणि हलका असतो, तर एकध्रुव जडशीळ गाठोड्यासारखा, त्याच कणांच्या क्षेत्रातून वळलेला. 1977 मध्ये मॉन्टोनन आणि ऑलिव्ह यांनी एक धाडसी अंदाज केला होता: बलाची तीव्रता वाढवत नेली तर या दोघांच्या भूमिका अदलाबदल होतील. एकध्रुव हलका आणि मूळ होईल, आपला विद्युतभारित कण गाठोडं होईल, आणि समीकरणांना या अदलाबदलीचा पत्ताही लागणार नाही. पुष्कळांना ही कल्पना केवळ सुरेख वाटे, खरी नव्हे. सेन यांनी तिला कसोटी लावली. अदलाबदल खरी असेल तर दोन एकध्रुवांची, ठरावीक विद्युतभार असलेली एक बांधलेली जोडी असायलाच हवी. नसेल तर कल्पना मोडली. त्यांनी हिशेब केला आणि ती जोडी तिथे होती. त्या निबंधानंतर या कल्पनेकडे बघण्याची जगाची नजर बदलली. पुढच्याच वर्षी, पाच वेगवेगळे समजले जाणारे तंतुसिद्धान्त एकाच सिद्धान्ताची पाच रूपं असावीत असा विचार एडवर्ड विटन यांनी मांडला. 2012 मध्ये फंडामेंटल फिजिक्स पारितोषिक पहिल्यांदा दिलं गेलं, त्या नऊ मानकऱ्यांत सेन होते.

व्याकरणात आपण काही शब्द मूळ मानतो आणि काही साधित. कोणता शब्द कोणापासून आला हे एकदा ठरलं की ठरलं. मूलकणांकडेही आपण तसंच पाहत आलो: प्रोटॉन साधित, क्वार्क मूळ. सेन यांच्या हिशेबातून पुढे येणारी गोष्ट अशी की काही सिद्धान्तांत 'मूळ' आणि 'साधित' हा भेद वस्तूत नसतोच, आपण कोणत्या बाजूने मांडणी सुरू केली यावर तो ठरतो. माझ्या समजुतीप्रमाणे डेमोक्रिटस आणि कणाद यांच्यापासून चालत आलेल्या 'सर्वांत लहान तुकडा' या शोधाला विसाव्या शतकाच्या अखेरीस मिळालेलं हे सर्वांत गंभीर आव्हान आहे, आणि ते मुंबईत एका माणसाने वही-पेनाने दिलं.

या धाग्याचं दुसरं टोक कोल्हापूर जिल्ह्यात आहे. तंतुसिद्धान्तावर काम करणाऱ्या अतीश दाभोलकर यांचं बालपण गारगोटीत गेलं. वडील श्रीपाद दाभोलकर, ज्यांनी 'प्रयोग परिवार' उभारून शेतकऱ्यांना स्वतःच्या वावरात प्रयोग करायला शिकवलं. अतीश प्रिन्स्टनला शिकत असताना, 1989 मध्ये, त्यांनी आणि जेफ्री हार्वे यांनी तंतूच्या काही विशेष अवस्था दाखवून दिल्या. त्यांची संख्या अचूक मोजता येते आणि बलाची तीव्रता बदलली तरी ती मोजणी बिघडत नाही. आज त्या अवस्था दोघांच्या नावाने ओळखल्या जातात. 1995 मध्ये सेन यांनी विचारलं, की अशी अवस्था पुरेशी जड झाली तर ती कृष्णविवरापासून वेगळी ओळखता येईल का? त्यांचा हिशेब सुचवत होता की नाही येणार. कृष्णविवराची एन्ट्रॉपी, म्हणजे त्याच्या आत दडलेल्या सूक्ष्म रचनांची गणती, आणि त्या मूळ तंतूच्या अवस्थांची गणती एकाच चालीने वाढत होत्या. फक्त एक गुणक अनिश्चित राहिला होता. 2004 मध्ये दाभोलकरांनी, तेव्हा ते कुलाब्यातच होते, तो बारीक दुरुस्त्यांसह जुळवून दाखवला. पुढे 2012 मध्ये समीर मूर्ती आणि डॉन झागिए यांच्याबरोबर त्यांनी कृष्णविवरांची ही मोजणी रामानुजन यांनी जानेवारी 1920 च्या शेवटच्या पत्रात हार्डींना कळवलेल्या फलांशी, मॉक थीटा फलांशी, जोडली. 2019 पासून ते इटलीतल्या त्रिएस्ते इथल्या, अब्दुस सलाम यांनी स्थापलेल्या आंतरराष्ट्रीय सैद्धान्तिक भौतिकी केंद्राचे संचालक आहेत. विश्वातली सर्वांत साधी वस्तू म्हणजे मूलकण आणि सर्वांत गुंतागुंतीची म्हणजे कृष्णविवर, अशी आपली समजूत. हे दोन्ही एकाच गोष्टीची दोन वर्णनं असू शकतात, हे या कामातून पुढे येतं.

यावर जाणकार वाचक म्हणेल, की हे सगळं गणितातलं झालं. ही कृष्णविवरं अतिसममितीची आहेत, आकाशातली नव्हेत. खरं आहे. लायगोने 2015 मध्ये टिपलेली टक्कर ज्या कृष्णविवरांची होती, त्यांची अशी सूक्ष्म गणती अजून कुणाला जमलेली नाही. तरी दोन गोष्टी मी पुढे ठेवीन. गुरुत्वाकर्षण आणि पुंजभौतिकी यांना एकत्र आणणाऱ्या सिद्धान्ताला कृष्णविवराची एन्ट्रॉपी मोजता येणं ही हॉकिंग आणि बेकेनस्टाइन यांनी 1970 च्या दशकात घालून दिलेली परीक्षा आहे. निदान काही कृष्णविवरांपुरती ती नेमक्या आकड्यासह पास होणं ही किरकोळ बाब नाही. दुसरी गोष्ट हॅड्रॉनच्या घराची. 1997 मध्ये माल्दासेना यांनी गुरुत्वाकर्षण आणि कणांचे सिद्धान्त यांच्यात जो आरसा दाखवला, त्यातून 2001 मध्ये, ज्यातले कण एकमेकांवर तीव्र बल लावतात अशा अतितप्त द्रवाच्या चिकटपणाचा एक आकडा निघाला. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवनमध्ये सोन्याची अणुकेंद्रं आदळवून जो क्वार्क-ग्लुऑनचा रस तयार झाला, त्याचा चिकटपणा त्या आकड्याच्या आसपास आढळला. निसर्गातला रस आणि गणितातला द्रव तंतोतंत एक नव्हेत, म्हणून मी याला पुरावा म्हणणार नाही. पण ज्या हॅड्रॉनच्या घरातून हा सिद्धान्त बाहेर पडला होता, तिथे तो उपयोगी पडायला परत आला, एवढं नक्की.

या संशोधनावर पैसा वाया जातो, हा आक्षेप मला सर्वांत कमी पटतो. सैद्धान्तिक संशोधकाला लागतो पगार, ग्रंथालय आणि बोलायला चार हुशार माणसं. खरी चिंता वेगळी आहे: कल्पना तपासणारे प्रयोग आपण कमी करत चाललो आहोत. कर्नाटकातल्या कोलार सोन्याच्या खाणीत, जमिनीखाली दोन किलोमीटरहून खोल, टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी सहकाऱ्यांबरोबर 1980 पासून प्रोटॉन कधी मरतो का, हे पाहिलं. बलांचं एकीकरण सांगणारे बहुतेक सिद्धान्त म्हणतात की तो कधीतरी मोडलाच पाहिजे. तिथे निर्णायक काही सापडलं नाही. जपानमधल्या आजच्या प्रयोगांनुसार प्रोटॉनचं आयुष्य 1 वर 34 शून्यं इतक्या वर्षांहून जास्त आहे. अनेक सिद्धान्त या एका आकड्याने निकालात काढले. 1965 मध्ये याच कोलारच्या खाणीत झालेली वातावरणातल्या न्यूट्रिनोंची नोंद जगातल्या पहिल्या नोंदींपैकी होती. आज ती खाण बंद आहे, आणि तमिळनाडूत थेनी इथे व्हायची असलेली न्यूट्रिनो वेधशाळा विरोध आणि खटल्यांत अडकून पडली. तंतुसिद्धान्तावर रागावणाऱ्यांनी आपला राग इथे खर्च करावा.

दुसरीकडून येणारा धोका मला जास्त छळतो. तंतू, कंपन, नाद हे शब्द ऐकले की नादब्रह्माची आठवण काढून, हे तर आपल्याला आधीच माहीत होतं, असं सांगणारी भाषणं आणि संदेश महाराष्ट्रात भरपूर फिरतात. त्यांना माझा आक्षेप श्रद्धेमुळे नाही. ग्रीन आणि श्वार्ट्झ यांच्या 1984 च्या समीकरणात सममिती किती मोठी असावी हे 496 या आकड्याने ठरतं. तो आकडा चुकला तर सगळा सिद्धान्त पडतो. ज्या विधानात चुकण्याची जागाच नाही, त्याची या सिद्धान्ताशी सोयरीक जुळवणं हा तंतुसिद्धान्ताचाही अपमान आहे आणि परंपरेतल्या संगीतचिंतनाचाही. पुरावा असेल तेवढाच विश्वास ठेवावा, ही कसोटी गावोगावी नेण्यात अतीश यांचे काका नरेंद्र दाभोलकर यांनी आयुष्य घातलं आणि 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांचा खून झाला. त्या कसोटीवर तंतुसिद्धान्त आज 'सिद्ध' ठरत नाही आणि 'खोटा'ही ठरत नाही. असं अधांतरी उत्तर स्वीकारायला मराठी वाचक पुरेसा प्रौढ आहे, आणि त्याला ते मराठीत मिळायला हवं. वाशीच्या पुलापलीकडे मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे, खारघरला प्रोटॉनची मात्रा मोजणारे भौतिकशास्त्रज्ञ आहेत, कुलाब्याला तंतूंवर काम करणारे. या तिघांना नवी मुंबईतल्या एखाद्या नाट्यगृहात महाविद्यालयीन मुलांसमोर मराठीत एकत्र बसवणं फार अवघड नसावं. तिथे मुलांनी एक प्रश्न जरूर विचारावा. खारघरला वापरल्या जाणाऱ्या प्रोटॉनचा धनभार आणि इलेक्ट्रॉनचा ऋणभार हे इतके सारखे आहेत की 1 वर 21 शून्यं इतक्या मोठ्या संख्येने भागून उरेल तेवढ्या अंशाचाही फरक प्रयोगांना सापडलेला नाही. एक तीन क्वार्कांचा बनलेला, दुसरा आपल्या माहितीनुसार अखंड. घरं वेगळी, वस्तुमानात 1,836 पटींचा फरक. तरी हिशेब शून्याला शून्य लागतो. तो का लागतो?